उरलेल्या गोळ्यांचा डबा



वार्तापत्राच्या या पानावर आम्ही दरवर्षी एस.एस.एल.सी.चा निकाल, नव्या बाकांसाठी आलेल्या देणग्या आणि स्नेहसंमेलनाची तारीख असे काहीबाही लिहीत आलो. यंदा ते सारे कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावले आहे, तेथे वाचावे. येथे आम्हाला एका डब्याविषयी आणि एका बक्षिसाविषयी लिहायचे आहे. दोन्ही गोष्टींत आमची चूक आहे, म्हणून हात थोडा अडखळतो. शिवाय आमचे सारे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. हिंदीचा शिक्षक म्हणून या शाळेत आलो त्याला पंचवीसहून अधिक वर्षे झाली, तरी आमच्या मराठीत हिंदीचा आणि आता कन्नडचाही वास येतो, हे मुले आम्हाला तोंडावर सांगतात. तेव्हा भाषेकडे दुर्लक्ष करून मुद्द्याकडे पाहावे, ही विनंती.

डबा ओव्हलटिनचा होता. बाबा गेल्यावर २००४ साली आमची आई इंदूर सोडून कायमची हुबळीला आली, तेव्हा देवांची पेटी आणि हा डबा तिने प्रवासात कोणाच्या हाती दिला नाही. डब्यात उरलेल्या गोळ्या असत. पट्ट्या कात्रीने कापलेल्या, प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळलेला, आणि वर तिच्या अक्षरात लिहिलेले: घसा, पोट, ताप, लघवी. घरात कोणालाही डॉक्टरांनी सात दिवसांचे औषध दिले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे वाटे आणि राहिलेल्या गोळ्या डब्यात जात. पुढच्या वेळी कोणाचा घसा धरला की आधी डबा उघडायचा आणि नंतरच डॉक्टर. आम्ही याला आईची काटकसर म्हणत असू आणि चारचौघांत कौतुकानेही सांगत असू.

काटकसरीपेक्षा ते अधिक काही होते, हे आम्हाला उशिरा कळले. १९४७ च्या उन्हाळ्यात आईचा थोरला भाऊ मुदतीच्या तापाने गेला. तिकडे त्याला मोतीझरा म्हणतात, आता सगळेच टायफॉईड म्हणतात. आई तेव्हा सहा वर्षांची. एकविसाव्या दिवशी ताप उतरतो म्हणून घरातले दिवस मोजत होते आणि अठराव्या दिवशी मुलगा गेला. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, मलायात काम करणाऱ्या डॉक्टरांना क्लोरॅम्फेनिकॉल या नव्या औषधाने हा ताप हटतो असे दिसून आले. मध्ये एका वर्षाचे अंतर. ज्या मुलीने हे पाहिले, तिला औषधाची गोळी फेकून देववेल कशी? १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्याला हात दिला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुण्याला जाताना गाडी पिंपरीवरून जाऊ लागली की बाबा आम्हा मुलांना खिडकीशी ओढीत आणि आई नकळत हात जोडी. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

डब्यात भर घालण्यात आमचाही हात होताच. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेला प्लेग पसरल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही इंदूरला नुकते नोकरीला लागलो होतो. गावोगाव टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपत होत्या. आम्हीही रांगेत उभे राहून दोन पट्ट्या आणल्या. घरातल्या कोणालाही प्लेग झाला नाही. पट्ट्या डब्यात गेल्या आणि पुढे दोन वर्षे सर्दीला, फोडाला, दाढदुखीला सर्वांनी मिळून संपवल्या. सर्दी विषाणूंनी होते आणि तिच्यावर जीवाणूंचे औषध चालत नाही, एवढे तरी आम्हा पदवीधराला माहीत असायला हवे होते.

इतकेच नव्हे, शाळेतही आमच्या टेबलाच्या डाव्या खणात असाच एक लहान डबा असे. क्रीडादिनाला कोणा शिक्षकांचे पोट बिघडले की आम्ही त्यांना जुलाबाची ती प्रसिद्ध जोडगोळी देत असू. दोन औषधे एकाच गोळीत, म्हणून जोडगोळी. एका गोळीने काम भागले की सर खूश आणि आम्हीही खूश.

२०१९ च्या मार्चमध्ये परीक्षा चालू असताना आईला थंडी वाजून ताप आला. लघवीचा त्रास तिला अधूनमधून होई आणि ती डब्यातल्या 'लघवी' लिहिलेल्या पुडीतून दोन-तीन गोळ्या घेऊन तो दाबून टाकी. या वेळी दबला नाही. तिसऱ्या दिवशी ती आम्हाला ओळखेनाशी झाली. दवाखान्यात दाखल केले. लघवीची जीवाणू तपासणी झाली आणि दोन दिवसांनी जो कागद हाती आला, तो आम्ही अजून जपून ठेवला आहे.

आयुष्यभर गुणपत्रिका पाहिलेल्या माणसाला तो कागद वाचायला वेळ लागला नाही. डाव्या बाजूला औषधांची नावे आणि उजवीकडे एकेक इंग्रजी अक्षर. 'एस' म्हणजे जीवाणू या औषधाला नमतो, 'आर' म्हणजे नमत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन: आर. कोट्रायमोक्साझोल: आर. सेफिक्झिम: आर. सेफ्ट्रियाक्झोन: आर. आमच्या डब्यातली बहुतेक सारी मंडळी नापास. खाली तीन-चार एस होते. त्यांतले एक गोळ्यांचे औषध मूत्राशयापुरतेच उपयोगी, रक्तापर्यंत पोहोचलेल्या जंतूला ते पुरेसे नाही. दुसरे आईच्या थकलेल्या मूत्रपिंडांना झेपणारे नव्हते. राहिले मेरोपेनेम. ते दिवसातून तीनदा शिरेतून, दहा दिवस द्यायचे. डॉक्टर आमचेच जुने विद्यार्थी. ते हळूच म्हणाले, "सर, हे औषध आम्ही सहसा काढत नाही. यालाही दाद न देणारे जंतू आता आमच्याकडे येऊ लागले आहेत."

आई वाचली. घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "डबा कुठाय रे?" आम्ही तो लपवला होता. समजावून सांगू लागलो, तर ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुझ्या मामाला यातली एक मिळाली असती तर." आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते आहे असे नाही, कारण औषध वेळेवर न मिळाल्यामुळे मरणारी माणसे आपल्या देशात अजून आहेत आणि त्याच देशात औषध नको तेथे घेतल्यामुळे ते निकामी होत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आई पुढे तीन वर्षे जगली.

आता हे कसे घडते, ते आमच्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी सांगतो. मोठ्यांनीही वाचायला हरकत नाही. पोटात, त्वचेवर, नाकात कोट्यवधी जीवाणू असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. सोयीची परिस्थिती मिळाली तर पोटातला ई. कोलाय वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतो. इतक्या वेगाने नक्कल करताना चुका होणारच, जसे आपण घाईने फळ्यावरचे उतरवून घेताना होते. एखाद्या चुकीमुळे एखाद्या जीवाणूवर औषध चालेनासे होते. औषध नसेल तर त्याला त्या चुकीचा काही फायदा नाही. पण औषध आले की भोवतालचे सारे मरतात, जागा आणि अन्न मोकळे होते आणि हा एकटा वाढतो. म्हणजे रोगी औषधाला सरावत नाही, जीवाणू निवडले जातात. सर्दीसाठी घेतलेली गोळी सर्दीला काही करीत नाही, पण पोटातल्या गरीब बिचाऱ्या जीवाणूंमधून दांडगे तेवढे निवडून ठेवते. आणखी एक गोष्ट अशी की हे दांडगेपण जीवाणू एकमेकांना देऊ शकतात. त्यांच्याजवळ जनुकांची लहान लहान कडी असतात, ती एक जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देतो. वर्गात एकाने सोडवलेले उदाहरण मागच्या बाकापर्यंत कसे पोहोचते, हे आम्ही मुलांना सांगण्याची गरज नाही.

हे कोणी आधी सांगितले नव्हते, असे नाही. १९२८ साली पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या भाषणात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थांची कथा सांगितली. त्यांचा घसा दुखतो, ते स्वतःच थोडेसे पेनिसिलिन घेतात, जंतू मरत नाहीत पण धडा शिकतात आणि ते शिकलेले जंतू त्यांच्या पत्नीकडे जातात. पत्नीला पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. तो डबा घेऊन बसलेले आमचे घर फ्लेमिंगसाहेबांनी पाहिले होते की काय, असे आम्हाला वाटले.

येथे एक दुरुस्ती करायला हवी. वर्षानुवर्षे आम्ही प्रार्थनेनंतर मुलांना सांगत आलो की कोर्स पुरा करा. आता डॉक्टर स्वतःच सांगतात की पुष्कळ आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे औषध पुरते आणि विनाकारण लांबवणेही चांगले नाही. परंतु किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे, आईच्या डब्याने नाही. क्षयरोगाचे मात्र वेगळे आहे. तेथे महिनोन्‌महिने एकही खाडा न करता औषध घ्यावे लागते. मुंबईची गोष्ट सांगतो. १९९१ साली तेथील शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रोग्यासाठी औषध लिहायला सांगितले, तर त्यांनी ऐंशी निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हांनी लिहिले आणि बरोबर लिहिणारे निघाले सहा. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रोगी जगापुढे मांडले, ज्यांच्या क्षयजंतूंवर त्यांनी तपासलेले एकही औषध चालत नव्हते. नीम हकीम खतरा-ए-जान, असे आमच्या हिंदीत म्हणतात. पण हे तर रीतसर हकीम होते.

असो. डॉक्टरांवर सगळे ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरांकडे आपणच पुन्हा जात नाही. आणि गावाकडच्या माणसाचा हिशेब पाहा. रोजगार बुडतो, डॉक्टरांची फी वेगळी, रक्ताच्या तपासणीचे पैसे त्याहून अधिक, आणि त्या तपासणीचा निकाल यायला दोन-तीन दिवस. त्यापेक्षा मेडिकलवाल्याने कापून दिलेल्या चार गोळ्या स्वस्त. "ओंद दिनदाग आराम आगतैत्रि, सर," असे आमच्या गल्लीच्या टोकाचा मेडिकलवाला आम्हाला किती वेळा म्हणाला असेल! तोही गिऱ्हाईक तुटेल म्हणून भितो. कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून ४६ औषधांसाठी एच-वन अनुसूची लागू झाली. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, रोगी व डॉक्टर यांची नोंद वेगळ्या वहीत करायची, वही तीन वर्षे जपायची. २०१६ साली पट्टीवरच्या लाल रेघेची ओळख करून देणारी मोहीमही निघाली. मुलांनो, घरातली पट्टी उलटून पाहा, उभी लाल रेघ दिसली तर ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घ्यायचे औषध नाही. केरळ सरकारने २०२४ च्या जानेवारीत 'ऑपरेशन अमृत' नावाने दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. आपल्याकडे वही असते, पण ती कोणी उघडायला लावलेली आम्ही तरी पाहिली नाही.

कोंबड्यांना आणि जनावरांना वाढीसाठी अशीच औषधे खाद्यातून देतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी काढायचे औषध. खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना ते देण्यावर आपल्या सरकारने २०१९ च्या जुलैत बंदी घातली. हैदराबादजवळच्या पटनचेरूला औषध कारखान्यांचे शुद्ध केलेले म्हणून सोडलेले पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन इतके निघाले की औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही तेवढे नसते. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. या गोष्टी आपल्या हाताबाहेरच्या, म्हणून येथेच सोडतो.

आपल्या गावची गोष्ट मात्र सोडण्यासारखी नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना हुबळीच्या घरातली पिंपे मोजून आश्चर्य वाटते. नळाला चौथ्या, पाचव्या, कधी आठव्या दिवशी पाणी यायचे. 'आज आमचा पाण्याचा वार' म्हणून कोणी शिक्षिकेने अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर आम्ही कारण विचारत नसू. मलप्रभेचे पाणी अम्मिनभावीला शुद्ध करूनच शहरात सोडतात, हे खरे. परंतु नळ चार दिवस कोरडा असतो तेव्हा जमिनीखालच्या पाइपात दाब नसतो आणि जेथे जोड सैल तेथून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. मग पाणी आले की ते सगळ्यांच्या घरी जाते. त्यानंतर सम्पमध्ये, पिंपात आणि घागरीत आपण ते आणखी चार दिवस ठेवतो.

२००८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले. एकाच गावात दोन तऱ्हा झाल्यामुळे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांना तुलना करण्याची आयतीच संधी मिळाली. पांढऱ्या बाटल्या घेऊन नळाचे पाणी मागायला लोक येत, हे काही पालकांना आठवत असेल. त्यांना आढळले ते असे: अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात नळाच्या शंभर नमुन्यांपैकी सुमारे ३२ नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे मैल्याची खूण, आणि चोवीस तासांच्या भागात शंभरात एकाहूनही कमी. मग त्यांनी जवळजवळ चार हजार घरांत आजारांची विचारपूस केली. लहान मुलांच्या साध्या जुलाबात एकूण पाहता फारसा फरक दिसला नाही, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. गरीब घरांत रक्ताचे जुलाब मात्र ३७ टक्क्यांनी कमी होते आणि टायफॉईड झालेल्या घरांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. राहिलेल्या शहरासाठीची योजना नंतर हाती घेतली गेली.

टायफॉईडच कमी झाला तर त्यावरच्या गोळ्याही तितक्या कमी लागतील. औषध वाचवण्यासाठी पाइप घालावा लागतो, हे आम्हाला कोणत्याच माध्यमाच्या पुस्तकात शिकवले नव्हते. जंतूंवर मात करायला नवे औषध शोधायचे, एवढेच शिकवले होते. मामाला जे मिळाले नाही ते क्लोरॅम्फेनिकॉल १९७२ साली केरळात कालिकतच्या साथीत चालेनासे झाले होते. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, तेही आपल्या देशात टायफॉईडवर जवळजवळ गेले. पाकिस्तानात सिंधच्या हैदराबादेत २०१६ साली सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा टायफॉईड सुरू झाला. तेव्हा तेथे मुलांना टायफॉईडची नवी लस टोचण्याचा मार्ग धरावा लागला. ती लस आपल्याच देशात तयार झालेली आहे, आणि २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. पालकांनी आपल्या बालरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दल अवश्य विचारावे. एक चांगली बातमीही आहे: क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर थांबल्यावर बऱ्याच वर्षांनी टायफॉईडचे जंतू त्याला पुन्हा नमू लागले आहेत.

हे सगळे आम्हाला वाचून माहीत होते. तरी गेल्या पावसाळ्यात जे व्हायचे ते झालेच.

आठवीतल्या एका मुलाची आई कार्यालयात आली. खानावळीत पोळ्या लाटून घर चालवणारी बाई. म्हणाली, "सर, पोराला ताप आहे. मेडिकलमधून कडक गोळी दिलीय, उद्या नक्की पाठवते. तेवढा आजचा खाडा मांडू नका. तीन वर्षं त्याचं बक्षीस चुकलं नाही." आम्ही नियमावर बोट ठेवले. हजेरी म्हणजे हजेरी. दुसऱ्या दिवशी मुलगा आला, लाल डोळ्यांनी बाकावर बसला आणि आम्ही त्याची पाठ थोपटली. होय, थोपटली. पाठ गरम लागली होती.

तो पाच दिवस असाच आला. मध्ये कोणी विडाल तपासणी केली, कोणी दोन इंजेक्शने दिली, गोळी दोनदा बदलली. अकराव्या दिवशी त्याला किम्समध्ये दाखल केले. (नाव बदलले तरी आमच्या तोंडी किम्सच.) तेथे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी केली, तर काही उगवले नाही. डॉक्टर म्हणाले, आधीच अर्धवट औषधे पोटात गेलेली, आता जंतू सापडत नाही आणि संपतही नाही. कोणत्या औषधाला तो नमेल हे अंदाजाने ठरवावे लागले. अंदाज बरोबर निघाला, एवढेच. मुलगा सव्वीस दिवसांनी शाळेत आला तेव्हा गणवेश त्याच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. बक्षीस अर्थातच हुकले.

त्या आठवड्यात आम्ही शाळेच्या गच्चीवर गेलो. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे झाकण एका बाजूने तुटलेले होते आणि त्यावर एक वीट ठेवली होती. कधीपासून, हे शिपायालाही सांगता येईना. त्या मुलाचा ताप आमच्या टाकीतून आला असे कोणी म्हणत नाही. नाही आला, असे आम्हालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. झाकण त्याच दिवशी बदलले, टाकी आता दर महिन्याला धुतली जाते आणि पाण्यातील क्लोरीन सोमवारी व गुरुवारी नववीची मुले स्वतः तपासून वहीत लिहितात. वही कार्यालयात आहे, कोणीही पाहावी.

आता बक्षिसाविषयी. शंभर टक्के हजेरीचे चांदीचे नाणे एका जुन्या घराण्याने आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ ठेवले आहे. ते आजोबा खेड्यातून चालत शाळेला येत आणि एकही दिवस चुकवीत नसत. त्या घराण्यातील सन्माननीय व्यक्ती आज आपल्या विश्वस्तांत आहेत आणि हे वाचत असतील. त्यांच्या भावनेविषयी आम्हाला पूर्ण आदर आहे. परंतु दर जानेवारीला व्यासपीठावरून आम्हीच तोंड भरून सांगत आलो की हा मुलगा तापातही शाळेला आला. टाळ्याही आम्हीच वाजवायला लावल्या. मेडिकलमधली कडक गोळी त्या बाईने आमच्या टाळ्यांसाठी आणली होती. तेव्हा आमची विनंती अशी आहे की नाणे त्याच नावाने राहावे, पण ते आजारात घरी न राहणाऱ्या मुलाला न देता, वर्षभर पाण्याची आणि हात धुण्याच्या जागेची निगा राखणाऱ्या वर्गाला द्यावे. तापाच्या दिवसांचा खाडा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रजा समजावा, आणि चुकलेली चाचणी मुलाला नंतर देता यावी. चिठ्ठीसाठी फी परवडत नसेल त्या पालकांनी आम्हाला येऊन भेटावे. त्याची सोय माजी विद्यार्थी डॉक्टरांनी विनामूल्य करण्याचे कबूल केले आहे.

हा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीच्या पत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. ज्या पालकांना विरोध असेल त्यांनी त्याआधी लेखी कळवावे, आम्ही ते बैठकीत वाचून दाखवू. टेबलाच्या डाव्या खणातल्या गोळ्या आम्ही त्या डॉक्टर विद्यार्थ्यांच्या दवाखान्यातील कचऱ्याच्या व्यवस्थेत दिल्या. ओव्हलटिनचा डबा मात्र फेकवला नाही. तो आता त्याच खणात आहे आणि त्यात खडू असतात.